आधी माप, मग कात्री : स्वादुपिंडातली गाठ दुर्बिणीने काढून घेताना

नाशिकच्या सिडकोत पवननगरला माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. तेवीस वर्षं कात्री चालवतेय. ह्यांच्या पोटातली गाठ दुर्बिणीने काढली हे कळल्यापासून दुकानात येणारी प्रत्येक बाई एकच विचारते, "भोकं किती पाडली हो?" चार पाडली. पण भोकं मोजायची वेळ शेवटी येते. त्याआधी तीन मापं घ्यायची असतात. गाठ खरंच तीच आहे का, नेमकी कुठे आहे, आणि स्वादुपिंडाच्या मुख्य नळीपासून किती मिलिमीटर लांब आहे. ही तीन मापं झाल्याशिवाय दुर्बिणीचा विषय काढणं म्हणजे छाती-कंबर न मोजता कापड कापायला घेणं.

मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं काही माझ्या भरवशावर करू नका. प्रश्न मात्र खुशाल माझे उचला, ते मी फार महागात विकत घेतलेत.

हा आजार कोणता

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं असतं. त्याचा मोठा भाग पाचकरस करतो. मधेमधे पेशींची छोटी बेटं असतात, ती इन्सुलिनसारखी संप्रेरकं करतात. लँगरहॅन्स नावाच्या जर्मन माणसाने ही बेटं १८६९ मध्ये पहिल्यांदा दाखवली. या बेटांच्या जातीच्या पेशींची गाठ झाली की तिला पॅन्क्रिएटिक न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. दवाखान्यात सगळे नुसतं 'नेट' म्हणतात. स्वादुपिंडाचा जो कॅन्सर आपण ऐकून घाबरतो, तो पाचकरसाच्या नळ्यांमधला. हा वेगळा, आणि बहुतेक वेळा पुष्कळ संथ.

न्यूरोएंडोक्राइन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी २०१८ मध्ये इरफान खानमुळे ऐकला. इगतपुरीकडच्या एका पाड्यातल्या लोकांनी त्यांच्या आठवणीत वस्तीला 'हिरोची वाडी' नाव दिलंय. मुंबईच्या फेऱ्यांत गाडी इगतपुरीला थांबली की हे खिडकीतून बाहेर बघत बसायचे आणि मी विषय बदलायचे. पुढे डॉक्टरांनी समजावलं की नेट हे आडनाव झालं, घरातली माणसं वेगवेगळी. कुठल्या अवयवात आहे, किती वेगाने वाढतंय, पसरलंय का, यावर सगळं ठरतं.

ह्यांचा प्रकार इन्सुलिनोमा. गाठच इन्सुलिन सोडते, थांबायचं तिला कळत नाही, आणि रक्तातली साखर खाली जाते. यातल्या दहातल्या नऊ गाठी साध्या, म्हणजे न पसरणाऱ्या असतात, एकट्या असतात आणि दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनला हा प्रकार सगळ्यात सोयीचा. आणि लहान असते म्हणूनच लवकर सापडत नाही.

पहिलं माप : तीच गाठ आहे का

हे अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर. फर्स्ट शिफ्टला पहाटे साडेपाचला उठायचे. एक दिवस शर्ट उलटा घातला, चहा बेसिनमध्ये ओतला आणि मला माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. बनियन घामाने पिळून निघेल असं. गोड चहा पाजला तर दहा मिनिटांत माणूस ठीक, आणि मधलं काही आठवत नाही. असं महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून. गल्लीत कुजबुज, 'पितात का हो?' जाऊबाई म्हणाल्या, त्र्यंबकला नारायण नागबळी करून टाका. एका डॉक्टरांनी फिट म्हणून गोळ्या चालू केल्या, त्या चौदा महिने चालल्या. त्या गोळ्यांनी हे दिवसभर पेंगायचे. रागावून काय करू? मीही त्या चौदा महिन्यांत एकदासुद्धा साखर तपासा म्हटलं नव्हतं.

आषाढी एकादशीला हे निर्जळी उपासाने बाथरूममध्ये पडले तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. जे होतंय ते उपाशीपोटी होतंय. त्या दिवसापासून ऑर्डरवहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले : किती वाजता झालं, शेवटचं कधी खाल्लं होतं, काय दिलं, किती मिनिटांत शुद्धीवर आले. शेजारून ग्लुकोमीटर आणला, त्यावर ४८ आलं. ते पान बघून दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, ही फिट नाही.

तुमच्या घरी असं कुणाला होत असेल तर हेच पान तयार करा. वजन वाढतंय का तेही लिहा. सारखं खाल्ल्यामुळे ह्यांचं नऊ किलो वाढलं होतं आणि आम्ही 'तब्येत सुधारली' म्हणत होतो.

घरचं मशीन पुरावा म्हणून धरत नाहीत, साखर खाली असताना ते चुकू शकतं. झटका आला त्या वेळी शिरेतून रक्त काढायला हवं. त्यासाठी खात्रीची तपासणी म्हणजे दवाखान्यात दाखल होऊन बहात्तर तासांचा उपास. पाणी चालतं, बिनसाखरेचा काळा चहा चालतो. दर सहा तासांनी रक्त, साखर साठच्या खाली उतरली की तासा-दोन तासांनी. लक्षणं दिसली आणि साखर पडली की रक्त घेऊन लगेच ग्लुकोज देतात. घरी हा प्रयोग चुकूनही करू नका. बहात्तर तास ऐकून छातीत धडकी भरते, पण दोन-तृतीयांश रुग्णांना चोवीस तासांच्या आतच लक्षणं येतात. हे चौदाव्या तासालाच सिस्टरला 'ताई, मशीनचं ऑइल बदला' म्हणायला लागले.

त्या क्षणाच्या रक्तात साखर ५५ च्या खाली हवी, आणि तरीही इन्सुलिन ३ युनिट किंवा जास्त, सी-पेप्टाइड ०.६ किंवा जास्त. साखर कमी तर शरीराने इन्सुलिन बंद करायला हवं. ते चालूच आहे, म्हणजे कुठेतरी नळ उघडा राहिलाय. ह्यांची साखर ४१, इन्सुलिन १६, सी-पेप्टाइड २.१. शरीर स्वतः इन्सुलिन करतं तेव्हा त्याच्यासोबत सी-पेप्टाइड निघतं. ते कशाला मोजायचं, तर बाहेरून इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर ते कमी येतं. मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र हुबेहूब इन्सुलिनोमासारखं चित्र दाखवतात, म्हणून त्या गोळ्यांचा अंशही रक्तात तपासतात. आमच्या सासूबाई डायबेटिसच्या गोळ्या घेतात, डबा फ्रिजवर. डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण विचारायलाच हवं होतं.

भाचा लॅबमध्ये आहे, त्याची एक सूचना : साखरेची नळी राखाडी टोपीची, नाहीतर नळीतल्या पेशीच साखर खाऊन टाकतात. आणि इन्सुलिनचं रक्त घुसळून फुटलं तर आकडा खोटाच कमी येतो. नमुना लगेच, बर्फात, लॅबला.

इथे एक गंमत झाली, तेव्हा गंमत नव्हती. कागदावर लिहून आलं, 'व्हिपल ट्रायड पॉझिटिव्ह'. भाच्याने मोबाइलवर व्हिपल शोधलं, आणि समोर स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा तुकडा, पित्ताशय सगळं काढायचं ऑपरेशन! रात्रभर कुणी झोपलं नाही. डॉक्टर व्हिपल एकच, त्यांच्या नावाच्या गोष्टी दोन. उपाशीपोटी लक्षणं, त्याच वेळी साखर कमी, आणि साखर दिली की बरं, हे तीन मिळून व्हिपल ट्रायड. ऑपरेशन निराळं. कागदावर व्हिपल दिसलं की पुढचा शब्द वाचा.

दुसरं माप : कुठे आहे

रक्ताने गाठ आहे हे सांगितलं, पत्ता सांगितला नाही. साध्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही. पहिल्या सीटीतही नाही, कारण तो साधा पोटाचा सीटी होता. मागायचा तो 'पॅन्क्रियास प्रोटोकॉल' किंवा ट्रायफेजिक सीटी. या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असतात, त्यामुळे सीटीचं उजळवणारं औषध शिरेतून गेल्यावर रोहिणीच्या टप्प्यात, म्हणजे ते रोहिण्यांत पहिल्यांदा भरतं तेव्हा, गाठ बल्बसारखी उजळते आणि थोड्या सेकंदांनी आजूबाजूच्या रंगात मिसळून जाते. तेवढ्या सेकंदांत फोटो काढला नाही तर ती हुकते. फिल्मवर भागवू नका, सीडी घ्या. मोठ्या डॉक्टरांना स्वतः चित्र पुढेमागे करून बघायचं असतं.

मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे ईयूएस. तोंडातून दुर्बीण जठरात, आणि तिच्या टोकाला सोनोग्राफी. स्वादुपिंड जठराच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे जवळून दिसतं. आमची गाठ इथेच सापडली : मधल्या भागात, चौदा मिलिमीटर, पुढच्या बाजूला वर आलेली, नळीपासून पाच मिलिमीटर. आमच्या टेपवर चौदा मिलिमीटर म्हणजे पॅन्टच्या बटणाएवढं. त्या बटणाने दोन वर्षं घर डोक्यावर घेतलं होतं.

तरीही सापडली नाही तर पेट स्कॅन, म्हणजे गाठीला चिकटणारं किरणोत्सारी औषध टोचून काढलेला फोटो. औषध कुठलं त्यावर त्याचं नाव. गॅलियम डोटाटेट पेट नेटच्या बाकी प्रकारांना फार चांगला, पण साध्या इन्सुलिनोमाला तो चकतो, कारण या गाठींवर त्याला धरायच्या खुंट्या कमी असतात. एक्सेंडिनचा पेट यासाठी जास्त पक्का, तो देशात मोजक्या ठिकाणी होतो. अजून एक मार्ग म्हणजे जांघेतून नळी घालून स्वादुपिंडाच्या एकेका रोहिणीत कॅल्शियम सोडायचं आणि यकृतातून बाहेर येणाऱ्या रक्तात इन्सुलिन कुठल्या रोहिणीच्या वेळी उसळतं ते बघायचं. सांगायचं एवढंच की 'सापडत नाहीये, पण स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग कापून बघू' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठा.

रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड, म्हणजे गळ्यातल्या छोट्या ग्रंथी, यांचीही तपासणी करून घ्या. काही घराण्यांत मेन-वन नावाचा वारसा असतो. त्यात गाठी एकापेक्षा जास्त असतात आणि सगळा बेतच बदलतो. वय कमी असेल किंवा घरात मुतखड्याची, पिट्युटरीची (मेंदूखालच्या ग्रंथीची) गोष्ट असेल तर ती लपवू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी आपणहून सांगत नाही. सीटी, पेट, ईयूएस, भूल, प्रत्येक चिठ्ठीवर छापलेलं असतं : 'उपाशी या.' ही चिठ्ठी इतरांसाठी आहे. तुमच्या माणसाला उपाशी ठेवणं हाच आजार आहे! नंबर लावतानाच सांगा की इन्सुलिनोमा आहे, पहिला नंबर द्या, उपास सुरू होताच डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची सलाइन लावा, तासाला साखर बघा. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही हेच. मी फाइलच्या मुखपृष्ठावर लाल मार्करने लिहून ठेवलं होतं. एका ठिकाणी काउंटरवरची मुलगी वैतागली, वैतागू दे.

तिसरं माप : नळीपासून किती लांब, आणि मग काय काढायचं

रस्ते तीन. त्यातला कुठला, ते गाठीची जागा ठरवते.

पहिला म्हणजे फक्त गाठ सोलून काढायची, त्याला एन्युक्लिएशन म्हणतात. कापडाला भोक न पाडता बटण काढण्यासारखं. गाठ साधी, लहान, वरवर आणि मुख्य नळीपासून निदान दोन-तीन मिलिमीटर लांब असेल तरच. फायदा हा की स्वादुपिंड जवळजवळ पूर्ण राहतं, पुढे मधुमेहाची भीती कमी. तोटा हा की सोललेल्या जागेतून पाचकरस झिरपू शकतो, आणि हे बऱ्याच जणांना होतं. नळी फार जवळ असेल तर सोलताना तीच उसवते.

दुसरा, गाठ मधल्या किंवा शेपटाच्या भागात खोल असेल तर तो भागच कापून काढायचा, डिस्टल पॅन्क्रियाटेक्टॉमी. शेपटाला प्लीहा चिकटलेली असते. ती वाचवता येईल का, हे आधी विचारा. वाचवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्लीहेच्या रक्तवाहिन्या सोडवून जपतात, दुसरीत त्या कापून प्लीहेला जठराकडच्या छोट्या वाहिन्यांवर जगवतात. 'बघू, गेली तर जाईल' असं उत्तर असेल तर ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिबच्या लसी घेऊन टाका. प्लीहा गेल्यावर या जंतूंशी लढायची ताकद घटते. आमची प्लीहा वाचणार होती, तरी लसी घेतल्या.

तिसरा रस्ता नवा आहे : पोटावर एकही छेद नाही. तोच ईयूएस, त्यातून १९ गेजची सुई जठराच्या भिंतीतून गाठीत, आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळायची. सुईचं माप ऐकून मला बरं वाटलं, माझ्या ओळखीची वस्तू. आमच्या पोटाच्या डॉक्टरांनी हाही पर्याय प्रामाणिकपणे समोर ठेवला. २०२३ मध्ये युरोपातल्या रुग्णालयांनी इन्सुलिनोमाचे सुईवाले आणि ऑपरेशनवाले रुग्ण जोड्या लावून तपासले. त्रास किंवा गुंतागुंत सुईवाल्यांत सुमारे १८ टक्के, ऑपरेशनवाल्यांत सुमारे ६२ टक्के. साखर ताळ्यावर येण्यात मात्र सुई ९५ टक्क्यांच्या आसपास आणि ऑपरेशन १००. सुईवाल्यांतल्या साधारण सहातल्या एकाला गाठीने पुन्हा डोकं वर काढलं, त्यातल्या बऱ्याच जणांना परत सुईच केली. वय जास्त, हृदय कमकुवत, भूल झेपणार नाही, अशांसाठी ही मोठीच सोय. पण नळी जवळ असेल तर तिला चटका बसतो, स्वादुपिंडाला सूज येते. आणि गाठ आतच जळते, त्यामुळे ती पूर्ण काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत नाही. हे एकोणपन्नासचे, तब्येत धडधाकट. आम्ही सोलून काढायचं ठरवलं. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात खोल असेल तर ते मोठं, व्हिपलचं ऑपरेशन लागू शकतं. तिथे लहान भोकांचा हट्ट धरू नये असं मला वाटतं.

ह्यांच्यासारखं संप्रेरक सोडत नाही अशी 'मुकी' गाठ सोनोग्राफीत अचानक सापडली असेल तर तुमची गोष्ट निराळी. दोन सेंटिमीटरच्या आतली, संथ, लक्षणं नसलेली गाठ कित्येकदा नुसती ठरावीक काळाने स्कॅन करून बघत राहतात, आणि तोही उपचारच असतो. दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर शेजारच्या लसीकाग्रंथीही काढाव्या लागतात, मग सोलून भागत नाही. पसरलेल्या आजाराला महिन्याची इंजेक्शनं, ल्युटेशियमचा किरणोत्सारी उपचार, गोळ्या असं पुढचं दालन आहे. त्यात आम्हाला जावं लागलं नाही, म्हणून मी गप्प.

सर्जनला काय विचारायचं

नाशकात दुर्बिणीने पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया रोज निघतात. पित्ताशय काढणारा हात आणि स्वादुपिंडावर बसलेला हात यात फरक आहे, साध्या ब्लाउजचा आणि पैठणीच्या ब्लाउजचा असतो तसा. म्हणून डॉक्टर नाशिकचे असोत की मुंबईचे, मी चार प्रश्न वहीत लिहून नेले. वर्षाला स्वादुपिंडाची ऑपरेशनं किती करता? दुर्बिणीतून आत घालायचा सोनोग्राफीचा प्रोब आहे का? उघड्या ऑपरेशनात सर्जन बोटांनी चाचपून गाठ शोधतो, दुर्बिणीत बोटं नसतात, तेव्हा हा प्रोबच बोटांचं काम करतो. तो नसेल तर मी पुढे बोललेच नसते. रात्री-अपरात्री आत रक्तस्राव झाला तर नळी घालून वाहिनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट त्याच इमारतीत मिळतो का? आणि दुर्बीण सोडून पोट उघडायची वेळ कधी येईल? चौथ्या प्रश्नाला जो 'कधीच नाही' म्हणेल त्याच्यापासून सावध राहा. उघडावं लागलं तर तो पराभव नसतो.

परळला ज्या सर्जनकडे गेलो ते चौथ्या प्रश्नावर हसले आणि म्हणाले, "रक्त आलं किंवा गाठ दिसली नाही तर उघडणार, सही आत्ताच करा." मला तिथेच विश्वास बसला.

पैशाचं थोडक्यात. ह्यांच्या कंपनीचा मेडिक्लेम होता. पहिली मंजुरी कागद अपुरे म्हणून परत आली. बहात्तर तासांच्या उपासाचा रिपोर्ट जोडल्यावर मिळाली. मेडिक्लेम नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल व्हायच्या आधी त्याला भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. तुमचं नेमकं ऑपरेशन यादीत बसतं का, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

तारीख मिळेपर्यंत

तारीख सात आठवड्यांनी मिळाली. तोवर साखर पडू द्यायची नाही. ह्यांना दर दोन-अडीच तासांनी खायला द्यायचे, रात्री दोनचा गजर लावून एकदा. झोपताना कच्चा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून, आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेल्या मापाने. तो हळूहळू पचतो, पहाट निभते. डायझॉक्साइड नावाची गोळी इन्सुलिन दाबते. आम्हाला ती मिळवायला दुकानं पालथी घालावी लागली, आणि पायांवर सूज आली. अंगावर केस वाढतात म्हणे, ते मात्र झालं नाही. ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन काहींना चालतं, पण काहींची साखर त्याने उलट आणखी पडते. म्हणून पहिला डोस दवाखान्यातच.

झटका आला तर ग्लुकोज पावडर किंवा साखरपाणी. पेढा, चिक्की, चॉकलेट नको, तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. मोटरसायकलची किल्ली मी गल्ल्यात ठेवली, ह्यांनी आठवडाभर तोंड फुगवलं. मुंबईला जाताना सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरायची म्हणजे नेमकी धोक्याची वेळ, तेव्हा घरून खाऊन निघायचं, कसाऱ्याला परत खायचं, आणि ग्लुकोजची पुडी ह्यांच्या नव्हे, सोबतच्याच्या खिशात. ज्याचं डोकं फिरणार त्याच्याकडे औषध ठेवून काय उपयोग?

त्या दिवशी आणि नंतरचे दिवस

साडेतीन तास लागले. एक भोक बारा मिलिमीटरचं, तीन पाच-पाचची. बारा मिलिमीटर म्हणजे माझं कोटाचं काजसुद्धा याहून मोठं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, त्या वायूने दोन दिवस उजवा खांदा दुखतो. हार्ट अटॅक समजून मी सिस्टरला उठवलं होतं. ऑपरेशनमध्ये साखर सारखी मोजतात. गाठ निघाल्यावर ती वर चढायला लागली की थिएटरमध्ये सगळ्यांचे चेहरे सुटतात, असं भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साखर २१४. जाऊबाई फोनवर, "बघ, आता डायबेटिस लागला." नाही लागत. इतके दिवस गाठच इन्सुलिन ओतत होती, त्यामुळे चांगल्या पेशी झोपल्या होत्या. त्या जाग्या व्हायला काही दिवस लागतात. आठ दिवसांत साखर जागेवर आली. ह्यांना पहिल्याच संध्याकाळी चालवलं, दुसऱ्या दिवशी पातळ, मग मऊ भात. तेलकट दीड महिना बंद. मिसळ कधी, हा ह्यांचा राउंडवरचा पहिला प्रश्न.

गाठीचा रिपोर्ट दहा दिवसांनी. त्यात दोन गोष्टी शोधा : कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीच्या पेशी उरल्या नाहीत ना, आणि केआय-६७ किती. हा किती पेशी दुभंगायच्या तयारीत आहेत त्याचा टक्का. तीनच्या आत पहिली श्रेणी, तीन ते वीस दुसरी, वीसच्या वर तिसरी. आमचा एक टक्का. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक रुग्णालयात जपलेले असतात, दुसरं मत घ्यायचं असेल तर ते मागता येतात.

नळी

सगळ्यात जास्त दिवस गेले ते पोटातून निघालेल्या ड्रेनच्या नळीत, आणि याबद्दल कुणी काही नीट सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी नळीतल्या पाण्याचं अमायलेज, म्हणजे पाचकरसातला एक घटक, तपासतात. रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर पाचकरस झिरपतोय. ह्यांचं ४२०० आलं. सर्जन म्हणाले, "सोललेल्या जागेचं हे होतं, ताप नाही, पोट मऊ आहे, नळी घेऊन घरी जा." सहाव्या दिवशी नळीसकट नाशकात.

रोज सकाळी सातला, एकाच वेळी, पिशवी मापाच्या पेल्यात रिकामी करायची. किती मिली आणि रंग, दोन्ही लिहायचं. पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा ठीक. करडा, गढूळ, वास येणारा असेल तर फोन. लाल रक्त दिसलं, मग ते चमचाभर असो, किंवा काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, थंडी, छातीत धडधड, तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. पाचकरस रक्तवाहिनीची भिंत कुरतडू शकतो, आणि हे सगळं छान चाललंय असं वाटत असतानाही होतं. भोकाभोवतीची कातडी लाल झाली तर सांगा, झिंकचं मलम लावायला देतात. ह्यांचे आकडे ९०, ७०, ७५, ४० असे उतरत गेले, आणि एकोणिसाव्या दिवशी नळी निघाली.

पिशवी अडकवायला दवाखान्यात सेफ्टी पिन देतात. एकदा झोपेत वळताना ती नळीला टोचता-टोचता राहिली. दुसऱ्या दिवशी मी पॉपलीनची झोळी शिवली. आत ड्रेनची पिशवी सैल बसेल अशी, बावीस बाय अठरा सेंटिमीटर. पुढच्या बाजूला मच्छरदाणीच्या जाळीची खिडकी, म्हणजे न काढता मिलीच्या खुणा दिसतात. वरचं तोंड शिवायचं नाही, बांधायला दोन नाड्या. डाव्या कडेला नळी आत यायला दीड सेंटिमीटरची चीर, कडा दुमडून, धागा सुटायला नको. पट्टा कमरेला नको, खांद्यावरून तिरका, कारण कमरेचा पट्टा भोकावर दाबतो. झोळी नेहमी भोकाच्या खाली राहिली पाहिजे, वर गेली की पाणी उलटं फिरतं. आणि नळीत थोडा ढिलेपणा ठेवायचा, उभं राहिलं की ओढ बसता कामा नये. दोन शिवा, एक धुवायला.

कागदी पॅटर्न मी जपून ठेवलंय. कुणाला लागलं तर पॉपलीन आणि जाळी आणा, शिलाई घेत नाही. फक्त खांद्यापासून नळीच्या भोकापर्यंतचं माप, माणूस उभा असताना घेऊन या.